डावीकडचे टायर

गाडीचे टायर बदलायचे, हे मीच घरात लावून धरलं होतं. गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. जळकोटला बाजाराच्या गल्लीत आमचं घर आणि खाली बियाण्याचं दुकान. उभं आयुष्य त्या दुकानात घालवून मामांनी ते माझ्या नवऱ्याच्या हाती दिलं आणि स्वतः गाडी शिकले. लहानशी पांढरी गाडी. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते शेताकडं निघायचे, रविवारी अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला जायचे. गल्लीत कुणाचं पोट दुखायला लागलं, कुणाची सून अडली, की आमच्या दाराची कडी वाजायची आणि मामा चहाचा कप तसाच ठेवून चावी घ्यायचे. दुकान सुटल्यानंतर लोक त्यांना विचारायचे ते या गाडीमुळं, असं मला वाटायचं. त्यांनाही तसंच वाटत असावं.

मी तुळजापूरच्या एका शाळेत लिपिक आहे. एसटीनं जाते, एसटीनं येते. गाडी चालवता येते, पण मामा असताना ती चावी मागायची माझी कधी हिंमत झाली नाही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी सारखी पंक्चर होऊ लागली. मामा म्हणायचे, नक्षी अजून शाबूत हाय, कशाला बदलायचे. नक्षी होती हे खरंच, कारण गाडी फारशी लांब जातच नव्हती. पण टायरच्या गालावर, म्हणजे कडेच्या बाजूवर, बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हात तापलेल्या मातीला पडतात तशा. मी मोबाईलवर बरंच वाचून काढलं. टायर न चालताही म्हातारा होतो, त्याच्या कडेला बनवल्याचा आठवडा आणि साल कोरलेलं असतं, हे मला तेव्हाच कळलं. मी अंगणात उकिडवं बसून ते आकडे पुसून वाचले आणि मामांना दाखवले. चष्मा वर-खाली करत त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "लई जुने झाले की."

मग आम्ही दोघं मिळून नळदुर्गला गेलो. हायवेच्या कडेला टायरचं मोठं दुकान आहे, तिथं. गाडी मामांनीच चालवली.

त्या सकाळची मला अजून आठवण येते, कारण मामा इतके खुशीत क्वचितच असायचे. आयुष्यभर दुसऱ्याला माल विकलेला माणूस. आता स्वतः गिऱ्हाईक झाल्यावर त्यांनी एकही गोष्ट सोडली नाही. दुकानदारानं आधी रुंद, चमकदार टायर पुढं केले. गाडी भारी दिसेल म्हणाला. मामांनी हात हलवला. "बेड," म्हणाले, म्हणजे कानडीत नको. दुकानदार कानडी मुलखातलाच, तो हसला आणि त्यानं ते मागं ठेवले. मग एक अगदी स्वस्त जोड निघाला. तो मी नाकारला. उन्हात हायवेवर फुटला तर काय करायचं. बाहेरच्या कंपनीचा महागडा टायर मऊ होता, पावसात रस्ता छान धरतो म्हणे, पण आमच्या शेताच्या वाटेवरच्या दगडगोट्यांपुढं तो टिकला नसता. शेवटी मधल्या किमतीचा, जाड गालाचा, आपल्याकडच्याच कंपनीचा टायर आम्हा दोघांना पटला. मामा म्हणाले, गाल मजबूत पायजे. मी म्हणाले, माल ताजा पाहिजे. दुकानदारानं मागं ठेवलेला जुना साठा काढला तेव्हा मी आकडे वाचून तो परत पाठवला, आणि मामांनी दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी सून हाय. हिला फसवणं सोपं न्हाय."

मला फार बरं वाटलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मामा चारचौघांत माझ्याबद्दल असं कधी बोलले नव्हते.

काढलेले जुने टायर कामगारानं भिंतीशी टेकवून ठेवले होते. ज्या बाजूचे त्या बाजूला, तसेच जोडीनं. मामा आत चहा घेत होते. मी सहज त्या टायरांकडं पाहिलं आणि तिथंच थांबले. उजवीकडच्या दोन्ही टायरांना भेगांशिवाय काही नव्हतं. डावीकडचे दोन्ही मात्र बाहेरच्या अंगाला खरवडून निघाले होते. एकदा-दोनदा घासलेले नव्हेत. ओरखड्यावर ओरखडे, काही जुने, काही ताजे, एका जागी तर रबराचा पापुद्रा लोंबत होता. डावीकडच्या चाकाच्या लोखंडी कडाही दबल्या होत्या.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. डावा आरसा दोनदा तुटला होता. गल्ली अरुंद आहे म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. जेवताना डावीकडं ठेवलेला पाण्याचा तांब्या मामांच्या हातून सांडायचा. डाव्या बाजूनं हाक मारली की ते दचकायचे. वय झालं, असं आम्ही म्हणत होतो. मला त्या क्षणी समजलं की त्यांना डावीकडचं दिसत नाहीये.

मामा बाहेर आले. नव्या टायरांवर हात फिरवला, बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता काळजी मिटली." मी काही बोलले नाही. दुकानात, लोकांदेखत कसं बोलायचं, असं मनाला समजावलं. पण परतीच्या वाटेवर तर गाडीत आम्ही दोघंच होतो. तेव्हाही बोलले नाही. ते माझं कौतुक करत होते, दुकानदाराला जुना माल कसा माघारी न्यायला लावला ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी डावीकडच्या कडेवर डोळे लावून बसले होते आणि एखादा दगड दिसला की उजवा हात नकळत पुढं जात होता. घरी आल्यावर नवऱ्याला सांगू म्हटलं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांचा तो आनंद मोडायचा नव्हता, आणि त्या आनंदात माझं जे नाव झालं होतं तेही गमवायचं नव्हतं.

रविवार आला. मामा म्हणाले, नव्या टायरची पूजा खंडोबासमोर करू, चल. मी गेले. मी चालवू का, असं एकदा विचारलं. ते म्हणाले, "तू बस निवांत. रोज एसटीत हाडं खिळखिळी करतीस." मी बसले.

जाताना काही झालं नाही. येताना मामा हायवे सोडून शेताच्या वाटेनं वळले, कडबा झाकलाय का पाहायचं म्हणून. पुढं एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, रस्त्याच्या डाव्या कडेनं. मला ती बरीच आधीपासून दिसत होती. मला वाटलं, एवढी समोर आहे, दिसली असेल. मग वाटलं, नसेल. मी "मामा" म्हणाले तेवढ्यात आरसा भाऱ्यातून खाली लोंबणाऱ्या गवतात अडकला. भारा फिरला आणि त्याच्याबरोबर म्हातारी फिरून खाली पडली.

मामांनी गाडी थांबवली ती माझ्या ओरडण्यानं. कशाला लागलं हे त्यांना कळलंच नव्हतं. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. उतरून ते गाडीच्या पुढून डाव्या बाजूला आले, तेव्हा त्यांना ती दिसली.

तिचं मनगट मोडलं होतं, गुडघा फुटला होता. शेजारच्याच वस्तीवरची, धनगराच्या घरची बाई. तिला गाडीत घालून आम्ही नळदुर्गला दवाखान्यात नेलं. या वेळी मी चालवलं. मागच्या सीटवर बसून मामा तिला सारखं सांगत होते की बाई, तुम्ही अचानक रस्त्यात आलात. आणि ती, मोडलेला हात पोटाशी धरून, व्हय म्हणत होती, भारा जड हुता, तोल गेला माझा. मी दोघांचंही ऐकत होते. ती रस्त्यात आली नव्हती. तिचा तोलही गेला नव्हता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं, टायरांपासून. तो म्हणाला, तूच सांग त्यांना. मी म्हणाले, मुलगा तू आहेस. शेवटी दोघांनीही सांगितलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सांगून आम्ही मामांना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. मामा एका यंत्रात तोंड घालून बसले आणि ठिपका दिसला की बटण दाबत राहिले. डॉक्टरांनी कागदावरचा काळा भाग आम्हाला दाखवला. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली होती, उजव्याचीही कमी व्हायला लागली होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखता येईल, असं ते म्हणाले. गाडी मात्र आजपासून बंद.

घरी येऊन मामांनी चावी खुंटीला अडकवली आणि पलंगावर जाऊन बसले. संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला गेले. थेंब पडल्यावर डोळे मिटून ते तसेच पडून राहिले आणि त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. अपघात झाला तेव्हा, असं म्हणता आलं असतं.

"टायरच्या दुकानात," मी म्हणाले. "जुने टायर बघितले तेव्हा."

"तिथं बोलली न्हाईस."

"लोक होते, मामा."

"गाडीत तर लोक नव्हते." मग ते म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी थांबलो असतो. चिडलो असतो, पण थांबलो असतो."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. माफ करा, असं म्हणायचं होतं, पण ते ऐकून त्यांनाच मला समजवावं लागलं असतं, म्हणून तेही म्हणवेना.

पुढं चार-आठ दिवसांनी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. धनगरवस्तीवर जायचंय म्हणाले. दवाखान्याचा सगळा खर्च आमच्याकडंच होता, पण त्यांना ते पुरेसं वाटत नव्हतं. म्हातारी दारात प्लास्टरचा हात गुडघ्यावर ठेवून बसली होती. तिनं उठायला पाहिलं, मामांनी तिला बसवलं आणि ते समोर जमिनीवरच बसले. जळकोटच्या बाजारात कधी कुणापुढं खाली न बसलेला माणूस.

"तुमचा तोल गेला नव्हता," ते म्हणाले. "मला ह्या अंगाचं दिसत न्हाय. डागदरनं सांगितलं. तुमची काय चूक न्हाय, माझी हाय."

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. तिचा मुलगा आतून बाहेर आला होता. मी गाडीपाशी उभी होते. पुढं जावं, आपलंही सांगावं, असं मनात आलं, आणि पाय हलले नाहीत.

तिचं प्लास्टर काढायच्या दिवशी मीच तिला नळदुर्गला घेऊन गेले. रजा टाकली होती. ती माझ्या शेजारी, डावीकडच्या सीटवर, पदर घट्ट लपेटून बसली होती. गाडी शेताच्या वाटेवरून हायवेला लागली तेव्हा मी तिला सांगितलं की मामांना दिसत नाही हे त्यांना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. त्या रविवारच्या आधीपासून.

तिला नीट ऐकू गेलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगणार होते. पण तिला ऐकू गेलं होतं.

"मग तू चालवायची हुतीस की गाडी," ती म्हणाली. रागानं नाही. एखादं साधं काम राहून गेल्यावर सांगावं तसं.

"व्हय," मी म्हणाले.

दवाखान्यात पाहिलं तर मनगट जुळलं होतं, जरा वाकडं. आता भारा डोक्यावर घेता येतो, पण दूध काढताना बोटं लवकर थकतात, असं ती सांगते. मामांच्या उजव्या डोळ्याची नजर अजून टिकून आहे. थेंब घालायचं काम माझ्याकडं आहे. रात्री-अपरात्री कडी वाजली की गाडी मी काढते आणि मामा दारात उभे राहून वाट कुठं खराब आहे ते सांगतात. ते माझ्याशी बोलतात, पहिल्यासारखेच. फक्त माझी सून हाय, असं त्यांनी नंतर कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.