दोन कॉलेजांची मामी

जगात घाबरण्याजोगं जे जे काही आहे, त्या सगळ्याला माझी मामी एकदा तरी मनापासून घाबरलेली होती. किहीमला मामाची नारळीपोफळीची वाडी होती आणि मला अलिबागच्या एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले. पहिल्याच सकाळी पाहिलं तर मामी विहिरीवर चाललेली आणि तिच्या डोक्यावर पितळेचं पातेलं पालथं! मला वाटलं, काही व्रत असेल. मामा म्हणाला, "व्रत कसलं? नारळ पडेल म्हणून. लग्न झाल्यापासून वाडीत ती अशीच हिंडते." समुद्र अगदी परसाच्या पलीकडे होता, पण मामी त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि मधूनच वळून तो आहे तिथेच आहे ना, हे बघून घ्यायची. विंचू, वीज, पाहुणे, पाहुण्यांची मुलं, उकडलेलं अंडं सोलताना होणारा आवाज, सगळ्याची तिला धास्ती. आणि ही बाई चक्क कायदा शिकलेली होती.

कायदा शिकल्यावर माणूस निर्भय होतो म्हणतात. मामीचं उलट झालं. सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस किती गुन्हे करू शकतो, हे तिला पुस्तकातून कळलं आणि तिच्या भीतीला कलमं फुटली. ते दारूबंदीचे दिवस होते. मामाला पहाटेची ताजी नीरा फार आवडायची. तो पेला तोंडाला लावायचा आणि मामी घड्याळ हातात धरून समोर उभी राहायची. "लवकर प्या हो! आंबली की गुन्हा होतो!" मामाला बिचाऱ्याला निवांत घोट कधी मिळालाच नाही. शेजाऱ्याच्या माडाचा नारळ आमच्या कुंपणात पडला, तर ती त्याला हात लावू द्यायची नाही आणि तो परत नेऊन द्यायलाही घाबरायची, कारण तो आपल्या हातात पाहून कुणी साक्ष दिली तर? असे नारळ कुंपणाशी पडून राहायचे, त्यांना कोंब यायचे आणि मामी त्या कोंबांनाही भ्यायची.

तिची वकिलीची सनद मात्र ट्रंकेत पडून होती. एकदा अलिबागच्या एका जुन्या वकिलांना हाताखाली सहायक हवा असल्याचं कळलं. मामा तिच्या मागेच लागला. "अगं, शिकलीस ती काय ट्रंक सांभाळायला? अर्ज कर." अर्ज टाइप करायला मी होतेच. आम्ही दोघी बसलो, नाव घातलं, पत्ता घातला, आणि 'शिक्षण' या शब्दापाशी मामीचा चेहरा पांढरा पडला.

अडचण अशी होती की मामीने कायद्याचं पहिलं वर्ष पुण्याला केलं होतं, माहेरच्या नावाने. मग लग्न झालं आणि दुसरं वर्ष तिने मुंबईच्या कॉलेजातून पुरं केलं, सासरच्या नावाने. यात भिण्यासारखं काय, हे मला कळेना. मामीला मात्र सगळं दिसत होतं. "दोन्ही कॉलेजं लिहिली तर म्हणतील, पहिल्यातून हाकलली असेल. एकच लिहिलं तर म्हणतील, माहिती दडवली. आणि नावं दोन! उद्या कुणी म्हणालं की ह्या दोन बाया आहेत आणि दोघीही अर्ध्याच वकील आहेत, तर मी काय करू?"

झोपाळ्यावरून मामा म्हणाला, "दोन कॉलेजांत शिकलीस म्हणजे दुप्पट शिकलीस, असं लिही."

"ही तर फसवणूक झाली!" मामी किंचाळली.

कधी पुणं आधी, कधी मुंबई आधी, कधी खाली लग्नाचा सगळा वृत्तांत, असे कितीतरी कागद मी बडवले. शेवटी शेजारच्या पेन्शनर कारकुनांनी सल्ला दिला, "पुणं गाळा. नसती चौकशी नको." मामीने थरथरत पुणं गाळलं आणि अर्ज टपालात पडला.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून तिची दया येते. तिला जेवण जाईना. खाकी कपड्यातला कुणीही दिसला की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. बिचारा पोस्टमन पत्रं कट्ट्यावर ठेवून जायचा. एका सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर अलिबागला. मी जाऊन सांगून टाकते." एस.टी.त मी पिशवीत डोकावले. आत लुगडं, पंचा आणि दंतमंजनाची डबी.

"हे कशाला, मामी?"

"तुरुंगात मंजन देतात की नाही, ते पुस्तकात कुठे नाही गं," ती हळूच म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

त्या वकीलसाहेबांचा दराराही तसाच होता. त्यांच्या उलटतपासणीत साक्षीदाराला बापाचं नाव आठवत नाही, असं लोक सांगत. ओटीवर ते सुपारी कातरत बसले होते.

"कोण आपण?"

"मी आरोपी," मामी म्हणाली.

अडकित्ता थांबला. "काय केलंत?"

मामीने एका श्वासात सगळं सांगितलं. पुणं, माहेर, लग्न, मुंबई. "पण आम्ही दोघी एकच आहोत, शपथेवर सांगते!"

त्यांनी आतून अर्ज मागवला आणि वाचू लागले.

"पुण्याला नापास झालात?"

"नाही."

"कुणी काढून टाकलं?"

"नाही हो! लग्न झालं."

"मग दडवलंत कशासाठी?"

मामी जरा विचार करून म्हणाली, "तुम्ही विचाराल, याची भीती वाटली."

"मूर्खपणा!" ते कडाडले. मामीने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. त्यांनी टाक उचलला. "पदवी जिथे मिळाली ते कॉलेज वर. खाली एका ओळीत, पहिलं वर्ष पुणे, पूर्वीचं नाव अमुक. कारण लिहायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं. झालं." मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "माझी एवढी भीती वाटते?"

"हो."

"मग आलात कशाला?"

"न येण्याची त्याहून जास्त वाटायला लागली."

त्यांनी अर्जाची घडी घातली. "सोमवारपासून या," ते म्हणाले. "आजवर कशालाही न भिणारी माणसं ठेवली मी. एकानेही कागद नीट वाचला नाही."

मामी कोर्टात जाऊ लागली. आवाज कापायचा, कागद कापायचे, पण कागदातली एकही चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. एकदा दिराने घराबाहेर काढलेली एक कोळीण साक्षीला आली आणि कोर्टाच्या दारातच बसली. "मना नाय जमाचा, बाय. भ्या वाटतं."

मामी तिच्याजवळ खाली बसली. "मलाही वाटतं गं. तू माझ्याकडे बघून बोल, मी तुझ्याकडे बघून विचारते. दोघी घाबरतच बोलू." त्या बाईला घर परत मिळालं. मग आसपासच्या बायका मामीलाच शोधत यायला लागल्या. न भिणाऱ्या वकिलापुढे त्यांना तोंड उघडवत नसे.

काही वर्षांनी मला मुंबईत नोकरी मिळाली. ज्या धक्क्याकडे मामी कधी फिरकली नव्हती, त्या रेवसच्या धक्क्यावर ती मला पोचवायला आली. समुद्रावर वारा होता. एका हाताने खांब धरून ती मला सांगत राहिली, कडेला बसू नकोस, उतरताना घाई करू नकोस. मुंबईची लाँच सुटली तेव्हा तिने डोळे मिटलेले मला दिसले.

मामी वारल्यानंतर मामाने मला त्या दिवसाचं पुढचं सांगितलं. धक्क्यावरून ती लगेच घरी परतलीच नाही. लाँच संध्याकाळी मुंबईहून परत येईपर्यंत ती त्या धक्क्यावर, समुद्राकडे तोंड करून बसून राहिली. लाँच लागल्यावर खलाशाला गाठून तिने विचारलं, "हिरव्या साडीतली मुलगी उतरली का हो नीट?"

"उतारली गो बाय, बरी हाय," तो म्हणाला. मग ती उठली.

मी अजूनही त्या लाँचने जाते-येते. उतरताना खलाशी हात देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. मी नीट उतरले का, हे आता त्याला कुणी विचारत नाही.