उंच जीप आणि ठेंगणी गाडी

आमचे हे गेले त्याला सव्वा महिना होईल. घरी नाही, दवाखान्यातही नाही. कुडाळला नेताना वाटेतच, आमच्या लहान गाडीच्या मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले. गाडी धाकटे भावोजी चालवत होते. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण त्या वाटेत जे बोलणं झालं ते कोणापाशी सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

ह्यांची आधी जीप होती. जुनी, उंच, मागे समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्री. देवगडच्या आंब्याच्या पेट्या तीत जायच्या आणि जत्रेला निघालेल्या बायकाही. मागे दार नव्हतं. वारा लागायचा, कोणी ओळखीचं दिसलं तर हाक मारता यायची. मुख्य म्हणजे ती तारकर्लीला माझ्या आईच्या दारात जायची. आईचं घर माडांत, शेवटची वाट सगळी रेतीची. जीप गुरगुरत यायची आणि आई आवाजावरूनच चहाचं आधण ठेवायची.

मग नव्या लहान गाड्या दिसू लागल्या. ह्यांच्याही मनात आलं, पण दोन गाड्या ठेवणं शक्य नव्हतं. एकदा जेवताना विचारलं, "काय गो, जीप ठेवया की बारकी गाडी घेवया?" जीप ठेवा, असं ओठांपर्यंत आलं होतं... मी म्हटलं, "देवाक कौल लावा."

गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर नवी गाडी, डावी पडली तर जीप. मी बायकांत उभी राहून डाव्या पाकळीकडे बघत होते. उजवी पडली.

नवी गाडी गुळगुळीत, पण ठेंगणी. दारं लावली की डबीत बसल्यासारखं वाटायचं. पहिल्याच खेपेला तारकर्लीच्या रेतीत चाकं रुतली, चार माणसांनी ढकलून काढली. पुढे हे मला डांबरी रस्त्यावर सोडायचे आणि तासाभरात न्यायला यायचे. त्यातला अर्धा वेळ रेती तुडवण्यात जायचा. हळूहळू माझं जाणंच कमी झालं. आई गेली तेव्हा मी त्या रेतीत धावत होते, पोचले नव्हते.

कुडाळला नेताना त्या दिवशी हे मागच्या सीटवर मावेनात. उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. म्हणाले, "जीप आसती तर पाय तरी लांब करूक मिळाले असते."

"गप रव रे दादा, बोलू नको," भावोजी पुढून ओरडले.

मी म्हटलं, "माका जीपच होयी होती."

ह्यांनी डोळे उघडले. "मगे तेवा बोलूक काय झाला? त्या उंच जीपवर लुगडा वर धरून चढताना तुझो जीव लाजेन अर्धो व्हायचो. बायलो हसत. मिया तुझ्यासाठीच बारकी घेतलंय गो..."

मी कधी लाजायचे, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. त्यावर काय बोलावं ते जुळवायला मला नेहमीसारखा वेळ लागला. बोलायला तोंड उघडलं तेव्हा मांडीवरचं डोकं जड झालं होतं.

गाडी अंगणात उभी आहे. दुपारी सगळे निजले की मी मागच्या सीटवर जाऊन बसते. काचा वर असतात. आत भट्टीसारखं उकडतं, पण आवाज बाहेर जात नाही. आता मी पुष्कळ बोलते.