सह्या दोन, माणूस एक

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी पनवेलच्या पोलीस ठाण्यात आलेली ती तक्रार मी विसरलेलो नाही.

एका दुपारी बंदोबस्ताचं वाटप चालू असताना करंजाड्याची एक मावशी दारात येऊन उभी राहिली. सुकापूरजवळच्या खासगी शुश्रूषा केंद्रात ती आया होती. हाडांच्या कर्करोगाने खिळलेले एक वृद्ध शिक्षक तिच्याकडे होते. त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या.

"साहेब, गोली घेतली का आजोबा निजायचे," ती म्हणाली. "आता गोली घेऊन पन कन्हत पडतात. गोली ती नाय."

नोकरी जाईल, ही भीती तिने लपवली नाही. नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द मी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गोळीच्या वेळी औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन गेलो. कपाटाला कुलूप, रजिस्टर चोख. प्रत्येक गोळीपुढे इन्चार्ज ब्रदरची, म्हणजे प्रमुख पुरुष परिचारकाची, आणि साक्षीदार नर्सची सही. कागद दाखवायची ब्रदरला फार घाई होती. अशा माणसाकडे मी जरा जास्त थांबायचो. कर्मचाऱ्यांचं हजेरीपत्रक मागवलं. नर्स नऊ दिवस गावी होती आणि त्या नऊही दिवशी तिच्या सह्या होत्या. आजोबांच्या वाटीतली गोळी निरीक्षकांनी तपासली, ती साधी जीवनसत्त्वाची निघाली. त्यांना खरी गोळी तिथेच, आमच्यासमोर देण्यात आली.

ठाण्यात ब्रदर तासभर नर्सवर ढकलत राहिला. मी आवाज चढवला नाही. हजेरीपत्रक शेजारी ठेवून त्यालाच रजिस्टरमधल्या तारखा वाचायला लावल्या. चौथी तारीख वाचून तो थांबला. दोन्ही सह्या स्वतःच करून गोळ्या बाहेर विकत असल्याचं त्याने कबूल केलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याने दाखवलेल्या खोलीतून पंचांसमक्ष गोळ्यांच्या पट्ट्या जप्त केल्या. बॅच नंबर केंद्रातल्या मालाशी जुळले.

साक्षीला मावशी आपणहून तयार झाली. उलटतपासात वकिलाने विचारलं, तुम्ही शिकलेल्या नाही, मग गोळी कशी ओळखली?

"गोली नाय वलखली," ती म्हणाली. "दुखनं वलखलं."

आरोपीला शिक्षा झाली. केंद्रात आता कपाटाला दोन किल्ल्या आहेत, रिकामी पट्टी मोजून परत घेतात आणि गोळी दोघांसमोरच दिली जाते. ही शिस्त हवीच. पण रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकावं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. नोकरीत बक्षिसं बरीच मिळाली. तरी सर्वांत मोठा अभिमान याचा वाटतो, की त्या दुपारी हातातलं काम बाजूला ठेवून मी मावशीला खुर्ची दिली.