तळपायांना तूप

नवरा मस्कतला गेला आणि तिसऱ्या आठवड्यात माझी झोप गेली. वाशीत आम्ही नुकतीच जागा घेतली होती. बिल्डिंगमध्ये सोळा घरं, त्यांतल्या पाचांतच माणसं राहायला आलेली. आमच्या मजल्यावर मी एकटी, बाकीच्या तीन दारांना कुलपं. दिवसा तुर्भ्याच्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते, तिथे वेळ जायचा. घरी आल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचेपर्यंत कुणाशी बोलायचं कारणच नसायचं.

सुरुवातीला वाटलं, होईल सवय. पण अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. खाडीकडून वारा सुटला की गच्चीचं दार आपटायचं, आणि ते पुन्हा कधी आपटतंय याची मी वाट बघत बसायचे. ऑफिसात एकच ओळ दोनदा टाइप व्हायला लागली.

आईला साताऱ्याला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, ‘जायफळ दुधात उगाळून घे. दोनच वळसे, जास्त नको.’ मी चार वळसे घेतले. झोप आली नाही, सकाळी डोकं तेवढं जड झालं. मग खसखशीची खीर झाली, डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं. ऑफिसातल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत शवासन समजावून सांगितलं. पायाच्या अंगठ्यापासून सुरू करायचं आणि एकेक भाग सैल सोडत वर यायचं. मी अंगठे सोडले, पोटऱ्या सोडल्या, गुडघे सोडले. छातीपाशी आले की रडू यायचं आणि सगळं अंग पुन्हा आवळलं जायचं.

शेवटी आईने ओळखीच्या माणसाबरोबर काशाची वाटी धाडली. तळपायाला साजूक तूप चोपडायचं आणि वाटीच्या बुडाने घासत राहायचं. अंगातली उष्णता उतरते, डोळे मिटतात. लहानपणी आई माझे पाय असे घासायची. एक पाय झाला की ती दुसरा घ्यायची, पण तो कधी घेतला ते मला कळायचं नाही, मी झोपलेली असायचे. आता मीच माझा पाय मांडीवर घेऊन बसले. पाठ वाकलेली, मान अवघडलेली, हात तुपाने माखलेले. दोन्ही पाय होईपर्यंत होती नव्हती ती पेंगही उडाली. हे दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं, असं आईने पत्रात लिहिलं नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नसेल.

मग डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. अर्धीच घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. दोन दिवस अर्धी घेतली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, कंटाळून दोन घेतल्या.

भांड्यांना जवळच्या बोनकोडे गावातून एक बाई यायच्या. पन्नाशी उलटलेल्या, अनवाणी चालणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, पण त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. त्या रविवारी मला जाग आली ती दारावरच्या धक्क्यांनी. भिंत धरत जाऊन कडी काढली. बाहेर मावशी होत्या आणि पहार घेऊन वॉचमन. मला बघितल्यावर मावशी जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

“दहा वाजून गेलं. येवढं दार ठोकलं,” त्या म्हणाल्या. “मना वाटला, तू गेलीस.”

वॉचमन खाली गेला. मावशी आत आल्या, न विचारता चहा टाकला. गोळ्यांची पट्टी त्यांनी उचलून पाहिली. “ह्या कशाला खातेस?”

मी सांगितलं. इतके महिने असं सगळं कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे थांबता येईना. जायफळापासून काशाच्या वाटीपर्यंत सगळं सांगून झालं. त्यांनी फळीवरची वाटी काढली, तुपाचा डबा घेतला आणि माझ्यासमोर बसल्या. “पाय दे.”

“नको मावशी. तुम्ही मोठ्या आहात. माझ्या पायाला हात नका लावू.”

“लेकीच्या पायाला लावला नाय का मी? दे.”

भांडी घासून त्यांचे हात खरखरीत झाले होते. थोड्या वेळाने काशाच्या घासण्याने तूप काळं पडायला लागलं. मी उगाच विचारलं, “तुम्हाला लागते का झोप?”

“कुठली लागते,” त्या म्हणाल्या. “शेतावर भराव पडला, ह्या बिल्डिंगी आल्या, तवापासून नाय. पहाटे उठून शेतावर जायाची सवय. आता उठून जाऊ कुठं?”

त्यांचं शेत कुठे होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. नंतरचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगावर चादर होती, भांडी घासून पालथी घातलेली, आणि मावशी दार ओढून निघून गेल्या होत्या.

मग दर रविवारी काम आटपलं की त्या माझ्यासमोर बसायच्या. चौथ्या-पाचव्या रविवारी मी त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि त्यांचा पाय ओढला. “माजं पाय घान हायत,” म्हणून त्यांनी तो मागे घेतला. मी सोडला नाही. टाचांना खोल भेगा होत्या. “हलू घास,” एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीला डोकं टेकलं. झोपल्या नाहीत, पण बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

जेमतेम वर्षभर हे चाललं. मग एका रविवारी त्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांची सून आली. सासू उलव्याला लेकीकडे राहायला गेली, म्हणाली. उलवं तेव्हा लांबचं गाव होतं. जाईन जाईन म्हणत मी गेले नाही. लेकीचं घर कुठलं, हेही विचारून घेतलं नाही.

झोप पूर्वीसारखी परत आली नाही. चार-पाच तास मिळायची, तेवढ्यात भागवायला शिकले. दोन वर्षांनी नवरा आला. पहिल्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, “कशी गेली गं दोन वर्षं?”

“बरी गेली,” मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.