आधी बटण, मग प्लग

मला बसवत नाही. लहानपणापासूनच. आमची आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. कर्जतकडे माहेरी होते तेव्हा शेताच्या बांधावरून फिरायचे, लग्न होऊन खालापूरला आले तेव्हा शिलाई मशीनवर पाय मारायला लागले. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवण्यात अर्धा जन्म गेला. आता नवरा नाही, गिऱ्हाईकही कमी झालं, पण मशीन चालूच आहे. पाय थांबले की डोक्यात नको ते चालू होतं, त्यापेक्षा शिवलेलं बरं.

असल्या बाईच्या गळ्यात माझ्या लेकीने टॅब बांधला.

लेक पुण्यात असते, नवव्या मजल्यावर, एकटी. तिचं लग्न टिकलं नाही. का, ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. एकुलती एक, त्यामुळे तिचा सगळा जीव माझ्यात अडकलेला. मागच्या खेपेला आली ती ठरवूनच आली होती. म्हणाली, "आई, आता एकटी राहू नकोस. घर बंद कर आणि चल माझ्याकडे."

मी म्हटलं, "नवव्या मजल्यावर मी काय करू? ढग शिवू?"

बरंच वाजलं आमचं. ती रडली, मी भांडी आपटली. शेवटी तिने अट घातली. वायफायचा डबा भिंतीला लावून देते, टॅब कायम चालू ठेवायचा, आणि सकाळ-संध्याकाळ त्यातलं एक हिरवं बटण दाबायचं. बटणावर लिहिलंय, 'मी बरी आहे'. "ज्या दिवशी संध्याकाळचं बटण चुकेल, त्या दिवशी गाडी घेऊन येईन आणि तुला उचलून नेईन. मग तुझं काही ऐकणार नाही." ती बोलली की करते. माझ्यावरच गेली आहे.

मी हो म्हटलं. घर राखायचं तर हो म्हणायलाच लागणार.

आता पहिला तमाशा. लेक गेली, संध्याकाळ झाली, मी बटण दाबलं, आणि बटण दबेचना. माझ्या उजव्या बोटाचं टोक सुईने टोचून टोचून असं निबर झालंय की त्या काचेला ते माणसाचं बोट वाटतच नाही. मी दाबतेय, ठोकतेय, शिव्या घालतेय. घड्याळ पुढे सरकतंय आणि माझं घर चाललंय पुण्याला. शेवटी टॅब उचलला आणि शेजारी भाभीकडे पळाले.

भाभीचं घर माझ्या भिंतीला लागूनच. त्यांची बेकरी आहे स्टँडकडे, ती मोठा मुलगा बघतो. धाकटा आखातात, बायकोपोरांसकट. नातवंडं सगळी त्या फोनमध्येच वाढली, त्यामुळे भाभीला त्यातलं सगळं येतं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझं बोट बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, यानं नाय व्हायचं. करंगळीनं दाबा. करंगळीनं कुठं शिवता तुमी?"

करंगळीने दाबलं. लागलं. तेव्हापासून सगळा कारभार करंगळीवर.

मग भाभी रोजच शिकवायला लागल्या. अक्षरं मोठी कशी करायची, म्हणजे चष्मा शोधत बसायला नको. टॅब हातात धरला की चित्र गरागरा फिरतं, ते कुठे बंद करायचं. व्हिडिओ कॉलला टॅब तांदळाच्या डब्याला टेकवायचा, नाहीतर समोरच्याला आपलं छप्परच दिसत राहतं. टाइप करत बसायचं नाही, माइकचं चित्र दाबून बोलायचं, तो आपोआप लिहितो. मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, त्यामुळे लेकीला माझे मेसेज पानभर जायला लागले. त्यात मध्येच 'शूक शूक, हाट' असंही लिहून जायचं, कारण दारात कोंबडी आलेली असायची.

एक गोष्ट मात्र माझी मी शोधली, ती सांगते. सुईत दोरा ओवायचा असला की कॅमेरा उघडायचा, दोन बोटांनी चित्र मोठं करायचं आणि सुई मागे धरायची. नेढं एवढं मोठं दिसतं की त्यातून बैल जाईल. यासाठी तरी टॅबला माफ केलं. मापं घ्यायचंही एक ॲप असतं म्हणे. भाभीने हौसेने उतरवून दिलं. त्याच्या मापाने ब्लाउज शिवला तर बाई आत जाईल आणि बाहेर यायची नाही. ते काढून टाकलं.

आणि आवाज बंद करणं. हे शिकले तेव्हा देवाला हात जोडले. दिवसभर टुंग टुंग. हा सेल, तो भोंडला, कुठल्या मामेसासऱ्यांचं सुप्रभात. एकेकाचा आवाज करंगळीने बंद केला. त्या झपाट्यात बटणाच्या ॲपचाही केला. ते रोज संध्याकाळी आठवण द्यायचं, 'बटण दाबा, बटण दाबा'. मी म्हटलं, तू कोण मला सांगणारा? मला कळतं.

खरं सांगायचं तर ते बटण मला खुपत होतं. सकाळी उठले, दाबा. दिवेलागण झाली, दाबा. मी काय कैदी आहे हजेरी लावायला? कधी कधी टॅब घरी ठेवून मी मुद्दाम बसने कर्जतला जाऊन यायचे, बहिणीकडे चहा पिऊन यायचे. टॅब जिथे तिथे मी, असं लेकीच्या मोबाइलमधल्या नकाशावर दिसायचं, म्हणजे तिच्यासाठी आई घरातच. मला फार बरं वाटायचं.

असं चाललेलं, आणि परतीचा पाऊस आला.

आमच्याकडे परतीचा पाऊस म्हणजे विजा. दुपारपर्यंत ऊन भाजतं, आणि चार वाजले की घाटाकडून काळं येतं. मग आमच्या आळीत जे होतं ते सांगून पुणेकरांना पटत नाही. पहिला कडाका झाला की घराघरात प्लग निघतात. टीव्हीचा, फ्रिजचा, मिक्सरचा, सगळे. आरशावर टॉवेल पडतो. फोन बंद करून कपाटात. पूर्वी एकाच्या घरात वीज शिरून टीव्ही जळाला होता. तेव्हापासून तर कुणाला सांगावंच लागत नाही, हात आपोआप प्लगकडे जातात. आणि माझं घर कौलारू, भाभीचं स्लॅबचं, म्हणून विजा थांबेपर्यंत मी भाभीकडे बसायचं, हे ठरलेलं.

त्या दिवशीही तसंच केलं. दिवेलागणीच्या जरा आधी असा कडाका झाला की माझ्या हातातली कात्री पडली. मी सगळे प्लग ओढले, वायफायच्या डब्याचाही. टॅब बंद केला, गोधडीत गुंडाळला आणि धान्याच्या कोठीत ठेवला. माझा साधा फोन बंद केला. कुलूप लावून भाभीकडे. त्यांचाही फोन बंद. चुलीवर चहा, बेकरीतली नानकटाई, आणि बाहेर आभाळ फाटलेलं. आम्ही दोघी गप्पांत रंगलो. लाइट तर कधीच गेली होती.

बटण माझ्या डोक्यातून पार गेलं. आठवण द्यायला कोण होतं? त्याचं तोंड मीच बंद केलेलं.

विजा लांब गेल्या तेव्हा भाभीने फोन चालू केला. आणि तो थांबेचना. टुंग, टुंग, टुंग. सगळे माझ्या लेकीचे. भाभीने वाचून दाखवलं. 'चाची, आई कुठे आहे?' 'चाची, फोन का बंद आहे?' 'चाची, प्लीज.' आणि शेवटचा, 'मी निघालेय.'

आधी वाटलं ते घराचंच वाटलं, खोटं कशाला बोलू. गेलं घर. आता बॅग भरा. आणि मग पुढचं डोक्यात शिरलं. पोर एवढ्या विजांत, एवढ्या पावसात, एकटी गाडी चालवत घाट उतरतेय. माझ्यासाठी. आणि मी इथे नानकटाई खातेय.

फोन लावला. लागेना. परत लावला. भाभी म्हणाल्या, "घाटात आसंल, नाय लागायचा. टॅब आना."

"त्याला वायफाय नाय, लाइट गेली हाय."

"मी देते ना माझ्या फोनमधून. आना तुमी."

मी अंधारात कुलूप चाचपत घरात गेले, कोठीतून टॅब काढला. भाभीने त्यांच्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं आणि टॅबला नेट दिलं. मग नकाशा उघडून म्हणाल्या, "तुमी तिला दिसता, तशी ती बी तुमाला दिसते. कदी बगितलं नाय?"

नाही बघितलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ते दोन्हीकडून असतं.

एक निळा ठिपका होता, आत तिचा छोटा फोटो. घाटात. त्याच्याखाली तिच्या फोनची बॅटरी दिसत होती, लाल झालेली. ठिपका हलत नव्हता. भाभी म्हणाल्या, थांबा, उशिरा हलतं ते. आम्ही थांबलो. मी करंगळीने नकाशा मोठा करायचे, परत लहान करायचे, जणू ओढल्याने ठिपका पुढे येणार होता. उठायचे, दारात जायचे, परत यायचे. हात रिकामे. भाभीच्या टेबलावरचा रुमाल मी घडी घालत होते आणि उलगडत होते. दरड आली असेल. ट्रक आडवा झाला असेल. ही तर पावसात काचेवरचं पाणीसुद्धा नीट पुसत नाही, लहानपणी छत्री विसरायची. भाभी हळू आवाजात दुवा मागत होत्या. मी देवाला म्हटलं, घर घे. नेऊ दे मला नवव्या मजल्यावर, ब्र काढणार नाही. ठिपका हलव.

ठिपका हलला नाही. माझे डोळे त्याच्यावर चिकटलेले. आणि दारातून आवाज आला, "आई."

मान वर केली. दारात लेक उभी, नखशिखांत भिजलेली, हातात गाडीची किल्ली. मी टॅबकडे बघितलं. ठिपका अजून घाटातच होता. तिचा फोन तिथे मेला होता, आणि ती तशीच, फोनशिवाय, उतरून आली होती.

मी तिला आधी मिठी मारली की आधी ओरडले, आठवत नाही. बहुतेक ओरडलेच. "विजांत घाट उतरतं का गं कुणी? अक्कल गहाण टाकलीस?"

ती म्हणाली, "बटण नाही आलं."

एवढंच. आणि खाली बसली, भाभीच्या ओट्यावरच, आणि रडायला लागली. भाभीने तिला टॉवेल दिला, चहा दिला. जरा शांत झाली तेव्हा म्हणाली, "तुला वाटतं मी तुझ्यावर पहारा ठेवते. मी घरी पोचले काय, नाही पोचले काय, तिकडे कुणाला कळत नाही गं आई. कुलूप उघडते, लाइट लावते, आणि मोबाइल बघते. तुझं बटण आलेलं असतं. मग मी जेवायला घेते."

मी तिचे केस पुसत राहिले.

सकाळी ती उठायच्या आत मी माळ्यावरची बॅग काढली. बोलले होते, बटण चुकलं तर न भांडता येईन. चार साड्या, औषधं, कात्री, मापाची टेप. लेक उठली, डोळे चोळत बॅगेकडे बघत राहिली. मग मशीनकडे बघितलं.

"यात मशीन कसं मावणार?"

"नाय मावणार. ऱ्हाऊ दे ते."

ती बराच वेळ मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून बसली, लहानपणी बसायची तशी. मग उठून बॅगेतून एकेक साडी काढून परत कपाटात ठेवली. घड्या चुकीच्या घातल्या, मी त्या तशाच राहू दिल्या. चहा झाल्यावर तिने तिच्या मोबाइलवर ते बटण उतरवलं. म्हणाली, "आता मीही दाबणार. घरी पोचले की. तू बघायचंस."

आता आमच्या आळीत विजा कडाडल्या की मी भाभींना ओरडून सांगते, आधी बटण, मग प्लग. त्या त्यांच्या धाकट्याला दोन शब्द लिहितात, मी करंगळी लावते, आणि मगच आम्ही आरशावर टॉवेल टाकतो.

संध्याकाळी मी माझं बटण दाबते आणि तिच्या बटणाची वाट बघते. कधी ऑफिसात उशीर होतो. मग मी उठते, बसते, एकच शिवण उसवते आणि परत घालते. तिने किती संध्याकाळी हे असं केलं असेल, ते आता हातांना कळतं. टॅबमधले बाकी सगळे आवाज अजून बंदच आहेत. तिच्या बटणाचा तेवढा चालू केलाय, मशीनच्या खडखडाटातही ऐकू यावा एवढा मोठा. तो वाजला की मी मशीन थांबवते आणि जेवायला घेते.