गवताकडचा व्हॉल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या चुकतात आणि अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. ही वही कुणी उघडलीच तर तेवढं पोटात घाला. मुलीची शाळेची वही अर्धी कोरी उरली होती, तिच्यात लिहिते आहे. तोंडानं एवढं बोलणं मला जमलं नसतं.

आमचं गाव बोरी बुद्रुकच्या पुढं, टोमॅटो आणि कांद्याचं. गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्याला आम्ही तळं म्हणतो. तळ्याच्या बांधाखाली पिण्याच्या पाण्याची विहीर, तिचंच पाणी गावच्या नळांना येतं. उन्हाळ्यात तळं आटलं की विहिरीत बादली खडखडायची. म्हणून पंचायतीनं गावच्या मोऱ्यांचं पाणी साफ करून तळ्यात सोडायचं ठरवलं. आधी गाळ बसायची टाकी, मग खडीचा लांब वाफा, त्यात कर्दळ लावलेली. कर्दळीच्या मुळांतून मुरत मुरत पाणी शेवटच्या टाकीत येतं. तिथं पाणी सोडायच्या दोन चाव्या, दोन व्हॉल आहेत. एक उघडला की पाणी तळ्याकडं जातं, दुसरा उघडला की शेजारच्या हत्तीगवताला.

सुरुवातीला मला शिसारी आली होती. आपलंच खरकटं, आपलंच आंघोळीचं पाणी फिरून आपल्याच माठात येणार, असं मनात यायचं. बोलले कुणालाच नाही.

या कामावर आमच्या शेजारणीला ठेवलं. तिला सगळं गाव आक्का म्हणतं. पगार बेताचा, पण गवत तिचं. ते कापून गोठ्यांना विकायचं, त्यावर तिचं घर चालायचं. मी तिथं शेळ्या घेऊन जायची तेव्हा तिचं काम बघत बसायची. शेवटच्या टाकीत तिनं आरोग्यवाल्यांकडून आणलेले गप्पी मासे सोडले होते. रात्रभर तळ्याचा व्हॉल बंद, पाणी गवताला. दिवस उगवला की टाकीच्या काठावर उकिडवी बसून ती मासे बघायची. मासे खालून चपळ फिरत असले तरच तळ्याचा व्हॉल उघडायचा. वर येऊन तोंड काढत असले तर नाही. टाकीतलं पाणी तसंच कुणी तोंडाला लावायचं नाही, ही तिची ताकीद होती. तळ्यात जाईल, बांधातून पाझरून विहिरीत येईल, वर जंतू मारायची पावडर पडेल, मग प्यायचं.

तळ्याला ती जपायची ती पोटच्या पोरीसारखी. भादव्यातल्या पोळ्याला गावचे बैल तळ्यात धुवायची रीत. आमच्याकडं शर्यतीच्या बैलांचा मान मोठा. त्या दिवशी आक्का वाटेत आडवी उभी राहिली. गडी चिडले. एकजण म्हणाला, "आक्का, गटाराचं पाणी तळ्यात चालतं, आन माझा बैल न्हाई चालत व्हय?"

ती म्हणाली, "गटाराचं पाणी आंघोळ करून येतं. तुझ्या बैलाची आजून व्हायचीय."

गडी हसले. मग तिनं गवताकडच्या पाण्याला नळी लावली आणि दुपारपर्यंत एकेक बैल तिथंच धुवून दिला, पहिल्या बैलाच्या शिंगांना स्वतः हळद लावून. पुढच्या पोळ्याला लोक न सांगता तिथंच आले.

तशीच तिनं फवारणीचे ड्रम आणि पंप तळ्यावर धुवायची सवय मोडली. मला ते पटलं होतं. आणि त्यातूनच माझ्या हातून चूक झाली.

उन्हाळ्याचे दिवस. मालक टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला गेले होते. फवारणीचा ड्रम दारात पडला होता, तळाशी औषध शिल्लक. तळ्यावर न्यायचा नाही हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी तो घरच्या मोरीत ओतला आणि तीनदा खळखळून धुतला. आपण शहाण्यासारखं वागलो असंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या घेऊन गेले तर आक्का टाकीपाशी उभी. मासे सगळे उलटे, पांढरी पोटं वर. तळ्याचा व्हॉल तिनं उघडलाच नव्हता. तळं वाचलं होतं. पण रात्रभर पाणी तिच्या गवतात गेलं होतं.

मला मोरी आठवली. मी तिथंच सांगून टाकलं.

ती गवताकडं बघत म्हणाली, "तळ्यावर न्हाई धुतलास, म्हंजी माझं ऐकलंस. मोरी कुठं जाती ते मीच सांगाय पायजे व्हतं."

तिनं ते सगळं गवत कापलं. एक पेंढीही गोठ्यात जाऊ दिली नाही. विकत घ्यायला आलेल्याला परत पाठवलं आणि कारण सांगितलं नाही. वाळवून खड्ड्यात पुरलं. पंधरा दिवस तळ्याचा व्हॉल बंद ठेवला, टाकीतल्या पाण्याची बाटली तपासायला पाठवली. नळाला दोन दिवसाआड पाणी येऊ लागलं तशी गावात कुजबुज वाढली. आक्कानंच पावडर जास्त ओतली, तिनंच मासे मारले, असं लोक म्हणू लागले. तिला कामावरून काढायचं आणि हे गटाराचं खूळच बंद करायचं, यासाठी देवळासमोर सभा बोलावली.

मी बायकांत मागं बसले होते. आक्काला विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की पावडर नव्हती, शेतीचं औषध होतं. कुणाचं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "ते मी सांगनार न्हाई."

मग सगळे तिच्यावरच उठले. जिनं तळं वाचवलं तिचं काम जाणार होतं आणि ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं, म्हणून.

मी कशी उभी राहिले ते मला आजही कळत नाही. पदर दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, "ड्रम आमचा व्हता. मोरीत मी धुतला. आक्कानं व्हॉल उघडला न्हाई म्हणून आपन बरं हाय."

एवढंच. मालकांनी मान खाली घातली. एक म्हातारा म्हणाला, "लगीन हून आली तवापासनं आज पयल्यांदा आवाज ऐकला हिचा." लोक हसले, आणि हसल्यावर राग जरा उतरला. मागून एकानं कबूल केलं की तोही पंप मोरीतच धुतो. मग आणखी दोघांनी. त्या दिवशी ठरलं की ड्रम शेतातच तीनदा विसळायचा आणि ते पाणी परत पिकावरच फवारायचं. आक्काचं काम राहिलं. बाटलीच्या तपासणीचा कागद चांगला आला, नवे मासे सोडले, ते जगले, तेव्हा तळ्याचा व्हॉल पुन्हा उघडला.

पण तिच्या गवताचं नुकसान कुणी मोजलं नव्हतं. मी मोजलं होतं, एका कापणीला किती पेंढ्या निघतात ते मला माहीत होतं. पैसे देते म्हटल्यावर ती आधी नको म्हणाली. मी ऐकेना तेव्हा तिनं अट घातली. पैसे घरी आणायचे नाहीत. सकाळी टाकीवर यायचं, आधी मासे बघायचे, कसे आहेत ते तिला सांगायचं, मग पैसे द्यायचे.

अंडी विकून आणि झेंडू तोडायला जाऊन मी थोडे थोडे जमवले. आठवड्याला एकदा जायची. हळूहळू मला मासे कळायला लागले. ढग दाटले की ते जरा वर येतात, त्याची भीती नाही. पण एका जागी थिजले तर गवताकडचाच व्हॉल चालू ठेवायचा. कर्दळ पिवळी पडली की गाळाची टाकी भरली असं समजायचं. एवढं सगळं ती कुठं शिकली, विचारलं तर म्हणायची, बसून बसून.

शेवटचे पैसे दिले त्या सकाळी मी मासे बघितले आणि म्हटलं, चांगले आहेत. तिनं स्वतः बघितलं नाही. माझ्या शब्दावर तळ्याचा व्हॉल मलाच उघडायला लावला. मग ओल्या हातांनी नोटा मोजल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या.

"फिटलं समदं," ती म्हणाली. "आता उद्यापासनं फुकट यायचं."