गवतात गेलेल्या पुंगळ्या

त्या प्रकरणाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण त्यातल्या चीड आणणाऱ्या गोष्टी चोर-दरोडेखोरांच्या नाहीत, म्हणून ती चीड गेलेली नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी फौजदार होतो. न्हावा शेवा बंदराचं काम जोरात चाललं होतं आणि द्रोणागिरीच्या बाजूला ठेकेदारांनी लोखंडी सळयांची यार्डं टाकली होती. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ठाण्यात फोन आला की एका यार्डात रायफल फुटून राखणदार जखमी झाला आहे.

राखणदार जवळच्याच गावचा, फौजेतून निवृत्त झालेला माणूस. शेत संपादनात गेलेलं, म्हणून ही नोकरी धरलेली. ठेकेदाराकडे परवाना असलेली परदेशी बनावटीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप आत चढते, अशी. परवान्यावर राखणदाराचं नाव रीतसर चढवलेलं होतं. सळया चोरणारी टोळी भिंतीवरून उतरली, म्हणून त्याने हवेत गोळी झाडली. पहिली नीट सुटली. दुसरी रायफलीतच फुटली. त्याचा उजवा डोळा गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मी यार्डात पोचलो तेव्हा ठेकेदार खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

"साहेब, गाववाल्याच्या हातात बंदूक दिली की असंच होणार. नळीत माती गेली असेल. नाहीतर कुठली तरी स्वस्तातली काडतुसं स्वतःच आणली असतील. माझी फिर्याद घ्या. माझी महागाची रायफल फुकट गेली!"

माणसाचा डोळा गेला होता आणि हा रायफलीसाठी हळहळत होता. पण फिर्याद आली की नोंदवावी लागते. राखणदारावर निष्काळजीपणाचा आणि बेकायदा काडतुसं बाळगल्याचा गुन्हा मीच दाखल केला. त्याच दुपारी जबाब घ्यायला इस्पितळात गेलो.

डोक्याला पट्टी बांधलेली, तरी माणूस ताठ बसला होता. बायको उशाशी होती.

"सायेब, पंधरा वरसा फौजेत काढली. नळीत माती ठेवीन मी?"

"काडतुसं कुणी दिली?"

"शेटनी. नवीन आली तवाच मी बोललो त्याला, ही दाबून भरावी लागतान, बरोबर नाय वाटत. तो बोलला, तुला काय कलतंय?"

"साक्षीदार?"

"कोन देनार साक्ष? समदी त्याच्याच पगारावर." मग थांबून म्हणाला, "डोला गेला तो गेला. पन निष्काळजी नका लिवू. गावात माजी पोरगी द्यायची हाय. लोका बोलतील, बापाला बंदूक धरता आली नाय."

बायको चिडून म्हणाली, "लिवलाय त्यांनी कवाच. कागद घेऊनच आलेत."

मी खाली बघितलं. तिचं म्हणणं खरं होतं.

त्याच्या पट्ट्यात उरलेली सात काडतुसं मी पंचनाम्यात घेतली होती. ठाण्यात टेबलावर ती मांडून बराच वेळ बघत बसलो. त्या रायफलीच्या मापाची काडतुसं तेव्हा आपल्याकडे विकतच मिळत नव्हती, आयात बंद होती. म्हणजे दुसऱ्या मापाच्या काडतुसांच्या, झाडून रिकाम्या झालेल्या पितळी पुंगळ्या कुणीतरी या मापाच्या करून पुन्हा भरल्या होत्या. पुंगळीचा गळा आणि खांदा इतका सफाईदार की कारखान्यातून आल्यासारखा. पण बूड? बुडावर ठसा असतो, कुठे आणि कधी बनली ते सांगणारा. सातही बुडं कानशीने घासून गुळगुळीत केली होती, तीही वेडीवाकडी. एकाच वस्तूवर दोन वेगवेगळे हात चालले होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात नंतर कारणही आलं: बूड घासून पातळ झालं, म्हणून पुंगळी मागून फाटली.

बीटवरच्या हवालदाराला मी एवढंच सांगितलं, "भंगारवाल्यांना पितळेचं विचारा." चौथ्या दिवशी तो तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याला घेऊन आला.

भंगारवाला हात जोडून म्हणाला, "साब, आपल्याला काय माहीत नाय हां. पण तो टर्नर हाय ना, त्याच्याकडे लोखंडाचंच काम चालतं. मग दर महिन्याला मला पितळेचा कीस कुठून देतो?"

आज जिथे जुईनगर स्टेशन आहे, त्याच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्या टर्नरचं लेथ होतं. पन्नाशीचा, देशावरून आलेला, नाकावर चष्मा. झडतीत पितळेचा कीस मिळाला, दुसरं काही नाही. दोन दिवस तो एकच वाक्य बोलत होता, "नळाच्या तोट्या करतो, साहेब."

माझे सहकारी हात उगारायला तयार होते. मी नको म्हटलं. मारलं की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं असेल ते नाही. तिसऱ्या दिवशी मी फाटलेली पुंगळी त्याच्यापुढे ठेवली आणि हवालदाराकडे वळून म्हणालो, "बघा, काय भिकार काम आहे! शिकाऊ पोराने केलं असेल. याच्याच्याने एवढंही जमलं नाही, आणि एक माणूस आंधळा झाला."

टर्नरचा चेहरा लाल झाला. "कोण म्हणतं भिकार? बत्तीस वर्षं मशीनवर उभा आहे मी! खांदा बघा तो. केसाचा फरक सापडला तर हात तोडून देतो."

"मग फाटली कशी?"

"बुडाला हात लावू नका म्हणून मी बोंबलून सांगत होतो! मी नाही घासली. त्याने घासली, तुमच्या त्या..." आणि तो थांबला.

"आमच्या कुणी?"

शेवटी त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या हत्यारखात्यातल्या हवालदाराने. सरकारी ठसा दिसायला नको म्हणाला. माल तोच आणायचा, भरायचा तोच, शेटला द्यायचा तोच."

आमच्या खात्याचा माणूस! मी खेड्यातल्या शाळेत फी माफीवर शिकलो. सरकारी वसतिगृहात राहून बी.ए. झालो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं. या खाकीचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मानत आलो, आजही मानतो. आणि तीच खाकी घालून हा माणूस सरकारी पितळ विकत होता. चोरी लपवायला बूड घासत होता आणि ते काडतूस दुसऱ्याच्या डोळ्याजवळ फुटणार याची त्याला फिकीर नव्हती.

हत्यारखात्याच्या हवालदाराला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं. तो आधी हसला, मग रडला, मग कबूल झाला. पण पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. ठेकेदाराचा वकील म्हणणारच होता की काडतुसं राखणदारानेच पैदा केली. सरकारी पुंगळ्या बाहेर कशा गेल्या, हे कागदावर दाखवायला हवं होतं.

तो कागद मला माहीत होता. फायरिंग रेंजवर सरावाला काडतुसं मोजून मिळतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या असतात. कमी भरल्या तर सगळ्यांनी गुडघ्यावर बसून गवत चाळायचं. प्रत्यक्षात ऊन झालेलं असायचं, शिपाई कंटाळलेले असायचे, आणि हाच हवालदार हसून म्हणायचा, "जाऊ द्या साहेब, गवतात गेल्या." मग एक दाखला लिहायचा: उंच गवतामुळे सापडल्या नाहीत. खाली प्रभारी अधिकाऱ्याची सही. दरवर्षी, प्रत्येक तुकडीचा, ठरलेला रिवाज.

मी त्या दाखल्यांची फाइल मागवली. वरून तिसऱ्या कागदाखाली माझी सही होती.

वरिष्ठांनी मला बोलावून दार लावून घेतलं. "अरे, हवालदार पकडलास, टर्नर पकडलास, झालं की. ही फाइल कशाला जोडतोस? स्वतःच्या हाताने स्वतःची मान?"

"साहेब, ती जोडली नाही तर राखणदारावरचा गुन्हा तसाच राहतो."

"त्याला काय, फौजेचं पेन्शन आहे. तुझी नोकरी आत्ता कुठे सुरू झालीय."

इतका संताप मला कधी आला नव्हता. पण त्यांच्यावर ओरडायचं कुठल्या तोंडाने? मी सलाम ठोकला, बाहेर आलो आणि सगळे दाखले आरोपपत्राला जोडले, माझ्यासकट.

हवालदार बडतर्फ झाला आणि त्याला शिक्षा झाली. टर्नरलाही झाली, थोडी कमी. ठेकेदारालाही अटक झाली, त्याचा परवाना रद्द झाला, पण तो जामिनावर सुटला आणि दुसऱ्याच आठवड्यात तशीच खुर्ची टाकून यार्डात बसलेला मी बघितला. माझी चौकशी झाली, एक वेतनवाढ रोखली गेली. ती रोखायलाच हवी होती.

राखणदारावरचा गुन्हा कोर्टाने काढून टाकला. तो कागद घेऊन मी स्वतः त्याच्या घरी गेलो. ओटीवर त्याचे भाऊबंद बसले होते. "मोठ्यांदी वाचा," तो म्हणाला. मी वाचलं. त्याचा कोणताही निष्काळजीपणा नव्हता, हे वाक्य त्याने मला दोनदा वाचायला लावलं. बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मग मी त्याला गवताच्या दाखल्यांचं सांगितलं. त्यातला एक माझा, हेही सांगितलं. न सांगता निघून येता आलं असतं.

तो उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला.

"फौजेत एक पुंगली कमी भरली ना सायेब, तर ती सापडंपरयंत आमची अख्खी पलटन जेवत नवती," तो म्हणाला. "तुमी जेवलात."

पुढे जिथे जिथे रेंजवर माझी नेमणूक झाली, तिथे शेवटची पुंगळी मिळेपर्यंत मी कुणाला उठू दिलं नाही. शिपायांनी मला मागून शिव्या घातल्या, त्या मी ऐकल्या. गुन्हेगाराशी माझी ओळख नोकरीत रोज होत होती. पण गुन्ह्याला वाट आपल्यासारखी कंटाळलेली, प्रामाणिक माणसं करून देतात, हे मला त्या ओटीवर कळलं. कारण तो म्हणाला ते खरं होतं. दाखल्यावर सही करून परतल्यावर त्या दुपारी आम्ही सगळे पोटभर जेवलो होतो.